नुकसान मोजायचे कुणाचे? पीक विम्याची शंभर वर्षे आणि पालघरचे भात

१/ ऑक्टोबर महिना. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांपलीकडे भातशेती अजून टिकून आहे. कापलेले भात वाळण्यासाठी शेतातच पसरलेले असते आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस कोसळतो. दाण्यांना कोंब फुटतात. अशा वेळी विम्याची भरपाई मिळावी का? हा प्रश्न शंभर वर्षे जुन्या वादाशी जोडलेला आहे.

२/ भारतातील पीक विम्याचा पहिला सविस्तर आराखडा म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी मांडला. त्यांचे पुस्तक १९२० साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक शेत तपासण्याऐवजी पर्जन्यमापकावरील नोंद पाहावी आणि पाऊस कमी पडला तर त्या भागात भरपाई द्यावी, असा त्यांचा विचार होता. पावसाच्या नोंदीत शेतकऱ्याला फेरफार करता येत नाही, हे त्यातील मर्म.

३/ स्वतंत्र भारताने आरंभी उलट वाट धरली. १९७२ मध्ये गुजरातेत एच-४ कापसापासून व्यक्तिगत विमा सुरू झाला. पुढे महाराष्ट्रासह इतर काही राज्यांत तो गेला. १९७८ पर्यंत अवघे ३,११० शेतकरी त्यात आले. हप्ता जमला ४.५४ लाख रुपये, भरपाई गेली ३७.८८ लाख. शेतोशेती जाऊन पाहणी करणे परवडेना. शिवाय पीक बुडाले की बुडू दिले, हे ठरवणार कोण?

४/ उत्तर पुण्यातून आले. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये क्षेत्राधारित विम्याचा पुरस्कार केला. एका परिसराचे सरासरी उत्पादन पीक कापणी प्रयोगांनी मोजावे. ते ठरलेल्या पातळीखाली गेले, तर तेथील सर्व विमाधारकांना सारख्या प्रमाणात भरपाई मिळावी. १९७९ ची पथदर्शी योजना, १९८५ ची व्यापक योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना याच पायावर उभ्या राहिल्या.

५/ या पद्धतीने खर्च घटला, परंतु तिची किंमत वेगळीच होती. सरासरी ठीक असेल तर एखाद्याचे बुडालेले शेत तिला दिसत नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूचा विमा हवामानावर आधारलेला आहे. तेथे झाडाखाली गळलेले फळ नव्हे, तर केंद्रावरील पावसाची व आर्द्रतेची नोंद निर्णायक ठरते. ही उणीव भरण्यासाठी २०१६ च्या योजनेत स्थानिक आपत्ती व काढणीपश्चात नुकसान यांचे संरक्षण जोडले गेले. कापून शेतात पसरलेल्या पिकाला ते १४ दिवस मिळे.

६/ २०२३ च्या खरिपात महाराष्ट्राने शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला. उरलेला भार सरकारवर. अर्जांचा पूर आला. केंद्रचालकाला प्रत्येक अर्जामागे ४० रुपये मिळत. सरकारी जमिनी, धार्मिक स्थळांच्या जागा, न पेरलेली शेते यांवरही विमे उतरल्याचे उघड झाले. १९७२ मध्ये तपासणीचा खर्च योजनेला बुडवत होता. आता खोट्या अर्जाला खर्चच उरला नव्हता.

७/ २०२५ मध्ये ही सवलत संपली. खरिपासाठी कमाल २ टक्के हप्ता परतला. शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी बंधनकारक झाली. त्याच निर्णयात स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसानीचे संरक्षणही वगळले गेले. भरपाईचा आधार उरला तो केवळ पीक कापणी प्रयोग.

८/ येथे दोन प्रश्न एकत्र मिसळले गेले, असे मला वाटते. लबाडी अर्जात होती. तिला ओळख क्रमांक व पीक पाहणी हे योग्य उत्तर. काढणीपश्चात संरक्षण काढल्याने मात्र खर्च वाचतो, तो खऱ्या नुकसानीकडे पाठ फिरवून. कापणी प्रयोग उभ्या पिकाचे माप घेतो. कापणीनंतरच्या पावसाचे माप त्यात येतच नाही. पालघरच्या भाताला नेमकी त्याच पावसाची धास्ती असते. दांडेकरांची सरासरी हवीच. पण तिच्या नजरेतून सुटणाऱ्या शेताची सोय कुणी करायची, हा वाद अजून मिटलेला नाही.