मराठी कळफलक

मराठी कळफलक म्हणजे संगणकावर देवनागरी लिपीत मराठी मजकूर उमटवण्यासाठी वापरली जाणारी कळांची मांडणी होय. व्यापक अर्थाने ही मांडणी ज्या उपकरणावर वापरली जाते, त्यालाही हीच संज्ञा लावतात. मराठीत एकच सर्वमान्य मांडणी रूढ झालेली नाही. रेमिंग्टन, इनस्क्रिप्ट आणि लिप्यंतरण या तीन पद्धती शेजारी शेजारी वापरात आहेत. त्यांपैकी कोणती पसंत करावी हे व्यक्तिगत रुचीपेक्षा ती व्यक्ती कधी, कोठे आणि कोणत्या कामासाठी टंकलेखन शिकली यावर अधिक अवलंबून असते. इंग्रजी कळफलकाची निवड करताना बहुधा कळांचा स्पर्श, आवाज आणि आकार यांचा विचार होतो. मराठीत त्याआधी अक्षरे कोठे असावीत हाच प्रश्न सोडवावा लागतो.

टंकलेखन यंत्राचा वारसा

इंग्रजी कळफलकाची आजची मांडणी १८७४ मध्ये बाजारात आलेल्या रेमिंग्टन कंपनीच्या यंत्रापासून रूढ होत गेली. देवनागरी यंत्रे याच सांगाड्यावर बेतली गेली. यंत्रावर साधारण नव्वद चिन्हांनाच जागा असल्याने सर्व पूर्णाक्षरे आणि जोडाक्षरे बसवणे अशक्य होते. त्यामुळे अक्षरांचे तुकडे करण्यात आले. ख, घ, ध, भ, श यांसारखी अक्षरे अर्धे रूप आणि काना अशा दोन ठोक्यांत पूर्ण होत. कागदावर जे डावीकडे ते आधी, हा यंत्राचा नियम असल्यामुळे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटवावी लागे.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर शासकीय पत्रव्यवहार मराठीत होऊ लागला आणि मराठी टंकलेखकांची गरज वाढली. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र ही अट तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची आहे. भुदरगड तालुक्याचे मुख्यालय असलेल्या गारगोटीसारख्या गावातील तरुणाच्या दृष्टीने कळफलक ही आवडीची वस्तू होण्याआधी नोकरीच्या पात्रतेची बाब असते. ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पूर्वी ती यंत्रावर होत असे, आता संगणकावर होते. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले होते. शिरवळ येथील तिच्या कारखान्यातील उत्पादन २००९ मध्ये थांबले. यंत्र गेले तरी बोटांची सवय राहिली. यंत्रावर शिकलेले अनेक जण संगणकावरही रेमिंग्टन मांडणीच मागतात, आणि वीस-तीस वर्षांचा सराव पाहता त्यात हट्टापेक्षा व्यवहारच अधिक दिसतो.

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात ही सवय श्री-लिपी, कृतिदेव आदी टंकांनी सांभाळली. मात्र अशा टंकांत मराठी अक्षरे प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो टंक नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसे. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, त्यामुळे तेथे रेमिंग्टन मांडणी वापरायची तर आज्ञावलीला कळांचा क्रम पडद्यामागे बदलून घ्यावा लागतो.

इनस्क्रिप्ट

इनस्क्रिप्ट ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये सर्व भारतीय लिप्यांसाठी समान म्हणून पुढे आणली. पुढे आयएस १३१९४ : १९९१ या मानकात तिचा समावेश झाला. तिचे तत्त्व वर्णमालेवर आधारलेले आहे. स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. अल्पप्राण व्यंजन साध्या कळेवर आणि त्याचे महाप्राण रूप त्याच कळेवर शिफ्ट दाबून मिळते. क आणि ख, ग आणि घ, प आणि फ अशा जोड्यांमुळे मांडणी लवकर पाठ होते.

‘गारगोटी’ हा शब्द इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट न दाबता सात कळांत उमटतो आणि बहुतांशी दोन्ही हात आलटून पालटून चालतात. ‘भुदरगड’ला सहा कळा लागतात आणि त्यांपैकी एकदाच, भ साठी, शिफ्ट लागते. रेमिंग्टनमध्ये भ चेच दोन ठोके होत असल्याने हाच शब्द सात ठोक्यांचा होतो. ध्वनीनुसार रोमन अक्षरे पूर्ण लिहिणाऱ्या लिप्यंतरणात त्याला अकरा कळा लागतात.

तरीही मांडणी सर्व भारतीय भाषांसाठी एकच असल्याने मराठीच्या काही गरजा तिच्यात मागे पडल्या आहेत. ळ आणि ण ही मराठीत वारंवार येणारी अक्षरे शिफ्टवर आहेत. ‘आणि’ या नित्याच्या शब्दात तीन कळांपैकी दोन शिफ्टसह दाबाव्या लागतात. सर्वाधिक कष्ट षष्ठीच्या ‘च्या’ या प्रत्ययात होतात. त्यातील च आणि य ही दोन्ही व्यंजने उजव्या करंगळीकडे, तर हलन्त चिन्ह आणि काना डाव्या मधल्या बोटाकडे येतात. मराठी मजकुराच्या जवळजवळ प्रत्येक ओळीत येणारा हा प्रत्यय अशा रीतीने दोनच बोटांवर पडतो. दीर्घकाळ टंकलेखन करणाऱ्यांना करंगळीवरील हा भार चांगलाच जाणवतो.

लिप्यंतरण

लिप्यंतरणात रोमन अक्षरांनी ध्वनी लिहायचा आणि देवनागरी रूप आपोआप मिळवायचे अशी पद्धत असते. बरहा, गमभन यांसारख्या आज्ञावलींनी ती लोकप्रिय केली. मराठी विकिपीडियावरही संपादकांना अक्षरांतरण आणि इनस्क्रिप्ट असे दोन्ही पर्याय मिळतात. २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठीसाठी ध्वन्याधारित कळफलक अंतर्भूत आहे. वेगळे शिक्षण नको असलेल्यांची, विशेषतः मोबाइलवर लिहिणाऱ्यांची, हीच पसंती असते. त, ट आणि ठ किंवा न आणि ण यांतील भेद मात्र लहान-मोठ्या रोमन अक्षरांनी दाखवावा लागतो अथवा सुचवलेल्या शब्दांच्या यादीतून निवडावा लागतो. न पाहता टंकलेखन करणाऱ्याला ही यादी अडथळा वाटते, तर क्वचित लिहिणाऱ्याला तीच आधार वाटते.

सारखी दिसणारी, भिन्न साठवली जाणारी अक्षरे

पद्धतीच्या निवडीचा सर्वांत दूरगामी परिणाम पडद्यावर दिसत नाही. ‘कऱ्हाड’मधील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून तो लिहिता येतो, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. इनस्क्रिप्टमध्ये ऱ साठी र ची कळ शिफ्टसह दाबतात. काही लिप्यंतरण आज्ञावली मात्र दुसरा मार्ग वापरतात. दोन्ही रूपे दिसायला सारखीच असली तरी एकाचा शोध घेताना दुसरे सापडेलच असे नाही. ‘ॲ’ची गतही हीच आहे. युनिकोडने ५.१ आवृत्तीत, २००८ मध्ये, त्यासाठी स्वतंत्र संकेत दिला, पण तोपर्यंत अ वर अर्धचंद्र देऊन लिहिलेला मजकूर तसाच राहिला. ‘ॲड.’ ही उपाधी किंवा ‘गोऱ्हे’सारखे आडनाव मतदारयादीत वा जमिनीच्या नोंदीत एका पद्धतीने लिहिले गेले आणि शोधणाऱ्याने दुसरी पद्धत वापरली, तर नोंद असूनही ‘आढळली नाही’ असे उत्तर मिळू शकते. शोधयंत्रणेने दोन्ही रूपे एकच मानावीत हा यावरचा खरा उपाय आहे, कारण टंकलेखकाला तो कोणता संकेत साठवत आहे हे कळण्याची सोयच नसते.

उपकरणाची निवड

बाजारातील बहुसंख्य कळफलक रबरी पटलाचे असतात. ते स्वस्त आणि शांत असतात, परंतु कळ तळाला टेकेपर्यंत दाबावी लागते. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंग व स्विच असतो. चेरी कंपनीच्या निळ्या स्विचमध्ये कळ सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते, पण नोंद त्याच्या साधारण निम्म्यावरच होते आणि त्या क्षणी स्पष्ट ‘टक’ आवाज येतो. टंकलेखन यंत्रावर शिकलेल्यांना हा आवाज आणि प्रतिसाद परिचयाचा वाटतो. भारतात अशा कळफलकांत टीव्हीएस गोल्ड हे नाव अनेक वर्षे परिचित आहे. नोंदणी, हिशेब व मुद्रणपूर्व काम करणारे तो पसंत करतात. एकाच खोलीत चार-पाच जण टंकलेखन करत असतील तर शेजारी बसणाऱ्यांचे मत वेगळे असू शकते.

गट क्रमांक, क्षेत्र आणि रकमा भरणाऱ्या महसुली व सहकारी संस्थांच्या कामात स्वतंत्र अंकपट्टी असलेला कळफलक अधिक सोयीचा ठरतो. लॅपटॉपवर ती अनेकदा नसते, म्हणून वेगळी अंकपट्टी जोडली जाते. अंकपट्टीवरून बहुधा आंतरराष्ट्रीय अंकच उमटतात. देवनागरी अंक हवे असल्यास वरच्या ओळीकडे किंवा मांडणीतील पर्यायाकडे वळावे लागते.

कळांवर देवनागरी अक्षरे छापलेले कळफलक मिळतात, पण त्यांचा प्रसार मर्यादित आहे. त्याऐवजी पारदर्शक कागदावर इनस्क्रिप्ट अक्षरे छापलेली चिकटपट्टी अनेक जण वापरतात. दररोज वापरल्या जाणाऱ्या कळांवरील अक्षरे आधी पुसट होतात, आणि मराठी टंकलेखकाच्या कळफलकावर त्यांत काना व हलन्त यांच्या कळा हमखास असतात. रुपयाचे ₹ हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेल्यानंतर भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक कळफलकांवर ते चारच्या कळेवर छापले जाऊ लागले. उजवी ऑल्ट कळ आणि चार एकत्र दाबून ते उमटते, मात्र त्यासाठी संगणकात भारतीय इंग्रजीची मांडणी निवडलेली असावी लागते.