नारायणगावच्या दुर्बिणीने खरंच एलियन्सचा सिग्नल पकडला होता का? आणि एलियन्स इथे का येत नाहीत?

जानेवारी २०२३ मध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. 'पुण्याजवळच्या महादुर्बिणीने पकडला एलियन्सचा सिग्नल', खाली हिरव्या माणसाचा फोटो. मावसभावाने लगेच विचारलं, "दादा, तू इंजिनिअर आहेस ना, हे खरं आहे का?" मी सॉफ्टवेअरवाला, खगोलशास्त्रज्ञ नाही. पण बातमी अर्धी खरी होती आणि खरा अर्धा भाग फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी होता, म्हणून हा लेख.

आधी त्या सिग्नलचं बघू

दुर्बीण खरी आहे. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद गावी जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती नव्वदच्या दशकात उभी राहिली. डोळ्यांना दिसणारा प्रकाश ती बघत नाही, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकते.

सिग्नलही खरा होता. तो होता हायड्रोजनचा. हायड्रोजनचा साधा अणू १४२० मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. अतिशय दूरच्या एका आकाशगंगेतून निघालेली ही लहर विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन ४८ सेंटिमीटरची झाली होती. खरं तर ती इतकी क्षीण होती की आपल्याला ऐकूच येऊ नये. पण वाटेत दुसरी एक आकाशगंगा बरोबर मध्ये आली आणि तिच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम केलं. सिग्नल सुमारे ३० पट वाढला. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय या शास्त्रज्ञांनी तो जीएमआरटीच्या डेटात शोधला.

ही लहर निघाली सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी. सूर्याचं वय आहे साधारण ४६० कोटी वर्षं. म्हणजे ती निघाली तेव्हा पृथ्वी सोडा, सूर्यसुद्धा नव्हता. कुणी 'हॅलो' म्हणालं असतं तरी कुणाला म्हणालं असतं?

मग 'एलियन' शब्द आला कुठून? त्याला थोडा इतिहास आहे. १९५९ मध्ये कोकोनी आणि मॉरिसन या दोन शास्त्रज्ञांनी सुचवलं होतं की परग्रहावर कुणी हुशार असेल तर ते हायड्रोजनच्याच फ्रिक्वेन्सीवर संदेश पाठवतील, कारण ती विश्वात सगळ्यांना माहीत असणार. पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत तसं ऐकून बघितलं, काही सापडलं नाही. तेव्हापासून 'रेडिओ सिग्नल' म्हटलं की लोकांना एलियन आठवतात. हेडलाईन लिहिणाऱ्यांनाही.

अंतर: भाईंदर स्टेशनवरून मोजू

आता दुसरा प्रश्न. सिग्नल सोडा, ते प्रत्यक्ष का येत नाहीत? किंवा आपण का जात नाही?

प्रकाशवर्ष वगैरे शब्द ऐकून काहीच कळत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव. म्हणून मी एक हिशोब केला. समजा भाईंदर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मच्या एका टोकाला सूर्य ठेवला आणि पृथ्वी त्याच्यापासून १ मीटरवर. म्हणजे १५ कोटी किलोमीटर बरोबर १ मीटर.

या नकाशात चंद्र पृथ्वीपासून अडीच मिलिमीटरवर आहे. माणूस आजवर गेलाय तो एवढाच. नेपच्यून ३० मीटरवर, म्हणजे लोकलचा दुसरा डबा. आणि माणसाने बनवलेली सगळ्यात दूर गेलेली वस्तू, १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१, सुमारे १७० मीटरवर. बारा डब्यांची गाडी उभी असेल तर आठवा-नववा डबा. जवळपास पन्नास वर्षं सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने पळून गडी अजून प्लॅटफॉर्मवरच आहे.

सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी? तो २६८ किलोमीटरवर. वसईची खाडी ओलांडा, विरार, डहाणू, वापी, सुरतही मागे टाका, आणि रुळांवरून मोजलं तर अंकलेश्वरच्या आसपास कुठेतरी उतरा. मध्ये जवळजवळ काही नाही. व्हॉयेजर या नकाशात वर्षाला साडेतीन मीटर सरकतं. त्या वेगाने प्रॉक्झिमाला पोचायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील (ते त्या दिशेला जातही नाहीये, हा भाग वेगळा).

या प्रॉक्झिमाभोवती पृथ्वीएवढ्या वजनाचा एक ग्रह फिरतो हे २०१६ मध्ये कळलं. प्रॉक्झिमा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, पण त्याचे मोठे भाऊ दिसतात. नरतुरंग तारकासमूहातला 'मित्र' हा तेजस्वी तारा म्हणजे तेच. मे अखेरीस रात्री साडेदहा-अकराला दक्षिणेकडे बघा. हात लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासून साधारण एका मुठीएवढ्या उंचीवर येतो. भाईंदरमध्ये बिल्डिंगांमुळे मला एकदाही दिसलेला नाही. दक्षिण क्षितिज मोकळं मिळेल अशा एखाद्या गच्चीवरून बघा.

मग वेग वाढवा ना!

इथे खरा घोळ आहे. समजा तुमचा २०० ग्रॅमचा फोन प्रकाशाच्या दहा टक्के वेगाने पाठवायचा. प्रवास ४२ वर्षांचा होईल, ठीक आहे. पण तेवढा वेग द्यायला लागणारी ऊर्जा येते अडीच कोटी युनिट. होय, लाईट बिलावरचं युनिट. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या दहा हजार घरांची वर्षभराची वीज, एका फोनसाठी. तेही यंत्रणा शंभर टक्के कार्यक्षम धरून. आणि पोचल्यावर थांबायचं असेल तर तेवढीच ऊर्जा परत, कारण अवकाशात घर्षण नाही. ब्रेक म्हणजे उलट दिशेला इंजिन चालवणं.

शिवाय रॉकेटला इंधन सोबत न्यावं लागतं. ट्रेकला पॉवरबँक नेताना, तिचं वजन उचलायला आणखी पॉवरबँका, आणि त्या उचलायला आणखी, असं झालं तर? रॉकेटचं गणित हेच आहे. आजच्या रासायनिक इंधनाने प्रकाशाच्या दहा टक्के वेग गाठायचा म्हटलं तर दृश्य विश्वात जेवढे अणू आहेत तेवढं इंधनही पुरत नाही. मी आकडा दोनदा तपासला, मला वाटलं टाईप करताना चुकलं. चुकलं नव्हतं.

म्हणून इंधन न नेता जायची कल्पना निघाली. २०१६ मध्ये युरी मिल्नर आणि स्टीफन हॉकिंग यांनी ब्रेकथ्रू स्टारशॉट जाहीर केलं. काही ग्रॅमचं यान, त्याला पातळ शीड, आणि पृथ्वीवरून १०० गिगावॅटचा लेझर त्यावर मारायचा. वेग प्रकाशाच्या २० टक्के, प्रवास सुमारे २० वर्षांचा. १०० गिगावॅट म्हणजे किती? मे २०२४ मध्ये भारताची विजेची सर्वोच्च मागणी सुमारे २५० गिगावॅट होती. देशाच्या पाच भागांतले दोन भाग, एका लेझरला. असं यान अजून कुणी बनवलेलं नाही.

आणि वाटेत धूळ असते. प्रकाशाच्या दहा टक्के वेगाने जाताना एक मिलिग्रॅमचा कण यानावर आदळला तर धक्का सुमारे १०० किलो टीएनटीच्या स्फोटाएवढा.

पिंग साडेआठ वर्षं

आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ अचानक बरळायला लागलं. डेटा येत होता पण त्याला अर्थ नव्हता. नासाच्या इंजिनिअर्सनी महिनोन्‌महिने शोधून काढलं की मेमरीची एक चिप मेली आहे. मग त्या चिपमधला कोड तुकडे करून उरलेल्या मेमरीत जिथे जागा मिळेल तिथे बसवला. एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागलं. या कॉम्प्युटर्सची एकूण मेमरी साधारण ७० केबी. प्रत्येक कमांड पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. मी डिप्लॉय करून दोन मिनिटं लॉग आले नाहीत तर खुर्चीत चुळबुळ करतो.

गेम खेळताना पिंग १०० मिलिसेकंदांवर गेला की तुम्ही नेटवर्कला शिव्या देता. व्हॉयेजरचा पिंग जवळपास दोन दिवस. प्रॉक्झिमाजवळच्या यानाचा असेल साडेआठ वर्षं. एक बग सुधारायला इथून कमांड पाठवली तर उत्तर येईपर्यंत दहावीतला मुलगा नोकरीला लागलेला असेल. आणि स्पीड? व्हॉयेजर सेकंदाला १६० बिट पाठवतं. ४ एमबीचा एक फोटो पाठवायचा तर सव्वादोन दिवसांहून जास्त.

तरी एवढ्या क्षीण लहरी आपण ऐकू शकतो, ही यातली जमेची बाजू. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापरेल्ली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा बारीकसा सिग्नल थेट पृथ्वीवरून कुणी ऐकला? आपल्या खोडदच्या जीएमआरटीने. उतरण्याच्या थोडं आधी सिग्नल तुटला. यान आदळलं होतं. म्हणून मला वाटतं, एलियन असलेच तर त्यांची गाठ पडण्याआधी त्यांचा आवाज कानावर येईल. वस्तू पाठवणं महाग आहे, लहर पाठवणं स्वस्त.

पण प्रवासी अगदीच छोटा असेल तर?

हा भाग माझा सगळ्यात आवडता, कारण यात मराठी माणूस आहे. कोल्हापूरला जन्मलेले, पुण्यात आयुकाची स्थापना करणारे जयंत नारळीकर (१९३८–२०२५). बऱ्याच जणांना ते विज्ञानकथांमुळे माहीत आहेत. पण 'परग्रहावरची जीवसृष्टी' हा त्यांचा प्रयोगाचाही विषय होता.

कल्पना अशी: माणसाला तारे ओलांडता येत नाहीत कारण त्याला हवा, पाणी, जेवण लागतं आणि तो शंभर वर्षांत मरतो. सूक्ष्मजीव मात्र सुप्तावस्थेत खूप काळ तग धरू शकतात. ते धूमकेतूंवरून प्रवास करत असतील आणि पृथ्वीवर पडत असतील तर? फ्रेड हॉइल आणि चंद्र विक्रमसिंघे यांनी हा विचार मांडला होता. नारळीकर म्हणाले, तपासून बघू.

इस्रोच्या मदतीने २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादच्या टीआयएफआर केंद्रातून प्रचंड फुगे सोडले गेले. फुग्याखाली स्टीलच्या निर्जंतुक नळ्या, द्रवरूप निऑनने थंड केलेल्या, म्हणजे वरची हवा आपोआप आत खेचली जाईल. ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा झाली. तपासणी हैदराबादच्या सीसीएमबीत आणि पुण्याच्या एनसीसीएसमध्ये, वेगवेगळी. २००९ मध्ये जाहीर झालं: जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. नावं दिली जॅनिबॅक्टर हॉइली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. जवळच्या जातींपेक्षा अतिनील किरणांना जास्त दाद न देणाऱ्या.

एलियन सापडले? इस्रोने तेव्हाच स्पष्ट लिहिलं की यावरून हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं ठामपणे सिद्ध होत नाही. पुढे आर्यभट्टाय जात साध्या मातीतही सापडली. म्हणजे ते इथूनच वर गेले असण्याची शक्यता मोठी. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. आकाशात फुगा सोडून, दोन स्वतंत्र लॅबमध्ये तपासून, शेवटी 'सिद्ध झालं नाही' असं लिहिणं, याला हिंमत लागते.

हेच आत्ता के२-१८बी या ग्रहाबाबत चालू आहे. १२४ प्रकाशवर्षांवरचा हा ग्रह. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या टीमने जेम्स वेब दुर्बिणीच्या डेटात डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्याचं सांगितलं. पृथ्वीवर हे रसायन मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव बनवतात. दुसऱ्या गटांनी तोच डेटा पुन्हा तपासला तर पुरावा कच्चा वाटला. हेच रसायन एका धूमकेतूवरही सापडलंय आणि तिथे काही कुणी राहत नाही. वाद अजून मिटलेला नाही. सूर्याबाहेरचे ६,००० पेक्षा जास्त ग्रह आता माहीत आहेत, तेव्हा असे दावे येत राहणार.

आणि यात तुमच्या फोनचा संबंध

जीएमआरटी जुन्नरच्या डोंगरांत बांधली कारण तिथे रेडिओचा गोंगाट कमी होता. आपले मोबाईलचे ९०० मेगाहर्ट्झचे बँड ती दुर्बीण ऐकते त्या पट्ट्यांच्या अगदी जवळ येतात. ८८० कोटी वर्षं प्रवास करून आलेली लहर शेजारच्या टॉवरखाली दबून जाऊ शकते. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा आधीचा मार्ग या दुर्बिणीजवळून जाणार होता. त्यावर हरकत आली आणि मार्ग बदलायचा निर्णय झाला. जुन्नर-नारायणगावच्या लोकांची रेल्वेची मागणीही काही खोटी नाही, त्यामुळे तिथे हा विषय तापलेला आहे. दुर्बीण उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही आणि गाव इंटरनेटशिवाय राहू शकत नाही.

मावसभावाला मी हे सगळं सांगितलं तर त्याने फक्त अंगठा पाठवला. पण गेल्या वर्षी तोच म्हणाला की खोडदला जाऊया. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, जीएमआरटीत विज्ञान प्रदर्शन भरतं आणि शाळा-कॉलेजची मुलं गर्दी करतात. भाईंदरहून पहाटे निघावं लागतं. आत गेल्यावर मोबाईल बंद ठेवायचा असतो, त्यामुळे डिशसोबत सेल्फीची आशा ठेवू नका.