सोनोग्राफीतली कडा कोण ठरवतं?

चिखलदऱ्याच्या पंचबोल पॉइंटवर हाक मारली की ती समोरच्या डोंगरावर आपटून परत येते. सोनोग्राफीचं तत्त्व हेच. ध्वनिलहरी शरीरात शिरतात आणि जिथे एक ऊतक संपून दुसरं सुरू होतं, तिथून काही परत फिरतात. परतीला लागलेल्या वेळावरून यंत्र त्या सीमेची खोली काढतं.

१९५५ साली ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून एका बॉयलर कारखान्यात गेले. तिथे धातूतल्या भेगा शोधणारं ध्वनियंत्र होतं. पाण्याच्या गाठीतून ध्वनी आरपार गेला, मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी ठळक आला. भरीव फायब्रॉइडमध्ये तो विरत गेला. १९५८ मध्ये डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि इंजिनिअर टॉम ब्राऊन यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. जठराचा बरा न होणारा कर्करोग असं निदान झालेल्या एका बाईच्या पोटात यंत्राला अंडाशयाची गाठ दिसली होती. ती काढली आणि बाई बरी झाली.

त्या काळच्या चित्रात फक्त काळं आणि पांढरं असे. अवयवाची कडा दिसे, आतलं काही नाही. १९७०च्या दशकात करड्या छटा आल्या आणि यकृत, गर्भ आतून दिसू लागले. पुढे कडा शोधायचं काम संगणकालाही दिलं गेलं. जॉन कॅनी यांची १९८६ची पद्धत त्यात प्रसिद्ध आहे. साध्या फोटोत ती छान चालते, सोनोग्राफीत मात्र अडखळते. इथे चित्रभर वाळूसारखे ठिपके असतात. शिवाय लहरींना आडवी असलेली भिंत ठळक दिसते, त्यांच्या दिशेने उभी असलेली पुसट होते. खड्याच्या मागे तर सावलीच पडते.

म्हणून आजही बाळाच्या डोक्याभोवतीची लंबगोल रेघ यंत्राने आखली, तरी डॉक्टर ती तपासून सरकवतात. त्या रेघेवरूनच डोक्याचा घेर आणि पुढे बाळाचं अंदाजे वजन निघतं. त्या वजनात १० ते १५ टक्के फरक पडू शकतो.

अमरावतीच्या रिपोर्टमध्ये गाठ १२ मिलीमीटर आणि अकोल्याच्या रिपोर्टमध्ये १३ आली, तर एवढ्यावरून ती वाढली असं समजू नका. शक्यतो एकाच केंद्रात तपासणी करा, जुना रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्या. मोठा फरक किंवा नवा त्रास असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.