गोंगाटात ऐकायचंय? आधी १९३४ चं पेटंट बघा

लोकलमध्ये लेक्चर नीट ऐकू येत नाही म्हणून पोर्टेबल अ‍ॅम्प्लिफायर घेताय? थांबा, आधी थोडा इतिहास बघू.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पाउल ल्यूग यांनी १९३४ मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. १९३६ मध्ये ते मिळालं. कल्पना अशी की, नकोशा ध्वनिलहरीवर तिचीच उलटी लहर टाकायची, म्हणजे दोघी एकमेकींना खोडतात. पण तेव्हाच्या व्हॅक्यूम ट्यूब कानाएवढ्या जागेत बसवणार कशा? १९७८ मध्ये एमआयटीचे प्राध्यापक अमर बोस यांनी झुरिकहून परतताना विमानातच याची गणितं मांडली. वैमानिकांसाठी त्यांच्या कंपनीचा हेडसेट बाजारात आला १९८९ मध्ये. अर्धशतक उलटून गेलं होतं!

आता तुमची खरेदी. अ‍ॅम्प्लिफायर हवा तो आवाज वाढवतो, गोंगाट कमी करत नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, आणि ती सोसतात तुमचे कान. म्हणून आधी गोंगाट अडवणारा हेडफोन घ्या. उलटी लहर सलग घरघरीवर चांगली चालते, शेजारच्यांच्या गप्पांवर कमी; तिथे कान पूर्ण झाकणारी गादीच कामाला येते. हेडफोनला फोनची पॉवर पुरत नसेल, तरच अ‍ॅम्प्लिफायर.

आणि लिटरेचर रिव्ह्यूत जुनी पेटंटंही वाचा. अडलेली कल्पना चुकीचीच असते असं नाही.