परळहून खारघरला

आमची कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट मूळची परळची. १९५२ साली डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली सुरू झालेली. २००२ मध्ये ती खारघरच्या डोंगराखाली आली, नाव झालं ॲक्ट्रेक. मी तिथे पेशी वाढवायचो.

तिथल्या डॉ. राजीव कलरैया यांच्या प्रयोगशाळेने लॅम्प-१ या प्रथिनाचा पिच्छा पुरवला. लायसोसोम म्हणजे पेशीतला कचरा जिरवणारी पिशवी. ख्रिस्तियान द द्यूव्ह यांनी १९५५ मध्ये तिला हे नाव दिलं. लॅम्प-१ तिच्या आवरणातलं. मूळ साखळी जेमतेम ४० किलोडाल्टनची, पण अंगावर शर्करेचे इतके फाटे की वजन शंभरावर जातं. आतल्या पाचक रसांपासून आवरण वाचतं ते यांच्यामुळेच. मग हे आतलं प्रथिन कर्करोगाच्या पेशींच्या बाहेरच्या अंगावर काय करत होतं? उंदरांच्या मेलॅनोमा पेशींत लॅम्प-१ कमी केलं, तर फुप्फुसातल्या गाठीही घटल्या. २०१५ च्या शोधनिबंधात ते आलं. कारण फुप्फुसातलं गॅलेक्टिन-३ नावाचं प्रथिन लॅम्प-१ चे हेच फाटे धरतं.

आता प्रयोगांसाठी मानवी लॅम्प-१ कुपीत, भुकटीच्या रूपात विकत मिळतं. आवरणात रुतणारं शेपूट वगळून, मानवी एचईके-२९३ पेशींकडून करवून घेतलेलं. ई. कोलाय स्वस्त पडेल, पण तो जिवाणू शर्करा चढवत नाही. शर्करेविना लॅम्प-१ म्हणजे पुरण न भरलेली पोळी. भुकटी विरघळवली की लहान वाटे करून उणे ८० अंशांत ठेवायचे. पुन्हा पुन्हा गोठवलं की प्रथिन बिघडतं, हे मी फ्रीजरच्या दारावरच लिहून ठेवलं होतं.