लिंबावरचा खैऱ्या : एका रोगाचा इतिहास

परसात किंवा शाळेच्या आवारात कागदी लिंबाचे झाड असेल, तर पावसाळ्यात त्याची पाने एकदा उलटसुलट करून पाहावीत. बहुधा काही पानांवर मोहरीएवढे, तपकिरी, खरखरीत फोड दिसतील. बोट फिरवले की पानाच्या दोन्ही बाजूंना उंचवटा लागतो. फोडाभोवती पिवळे वलय असते. कोवळ्या फांद्यांवर आणि फळांच्या सालीवरही असेच खवल्यांसारखे डाग पडतात. आपल्याकडे या रोगाला ‘खैऱ्या’ म्हणतात. शास्त्रीय लिखाणात तो ‘सिट्रस कँकर’ या नावाने येतो.

अशी पाने घेऊन येणारी मंडळी आम्हाला नेहमी एकच प्रश्न विचारतात, ‘झाड तोडून टाकावे काय?’ प्रश्न साधा वाटतो. पण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने विसाव्या शतकाच्या आरंभी आणि अखेरीस त्याचे उत्तर ‘हो’ असे दिले आणि दोन्ही वेळा लाखो झाडे नष्ट केली. पहिल्या वेळी यश आले, दुसऱ्या वेळी नाही. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

हा रोग मूळचा आशियातला. लंडनजवळच्या क्यू उद्यानात वाळवून जपलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. देहरादून येथे १८२७ ते १८३१ या काळात गोळा केलेल्या महाळुंगाच्या नमुन्यावर आणि जावामधून १८४२ ते १८४४ मध्ये आणलेल्या लिंबाच्या नमुन्यावर या रोगाचे डाग आहेत. फॉसेट आणि जेंकिन्स या संशोधकांनी १९३३ साली ते दाखवून दिले. म्हणजे आपल्याकडे हा रोग जुना आहे. अमेरिकेत मात्र तो पाहुणा म्हणून गेला.

१९१०च्या सुमारास जपानहून आलेल्या रोपांबरोबर तो फ्लोरिडात आणि शेजारच्या राज्यांत पोचला. ही रोपे कलमांसाठी खुंट म्हणून मागवलेली होती. बागाईतदारांनी बोर्डो मिश्रण फवारले, फांद्या छाटल्या, रोग थांबेना. त्यातच रोगाचे कारण बुरशी आहे असा समज पसरला होता. ही चूक समजण्यासारखी आहे. जुन्या फोडांच्या मृत पेशींवर कितीतरी निरुपद्रवी बुरश्या वाढतात आणि प्रयोगशाळेत त्याच आधी हाती लागतात. जो सापडला तोच गुन्हेगार, असे मात्र म्हणता येत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्यातील क्लारा हॅसे या संशोधिकेने हा गुंता सोडवला. तिने फोडांमधून एक जिवाणू वेगळा केला, त्याची शुद्ध वाढ करून निरोगी झाडांना टोचली, तसेच फोड उठवून दाखवले आणि त्या फोडांतून तोच जिवाणू पुन्हा मिळवला. तिचा निबंध १९१५ साली प्रसिद्ध झाला. हा जिवाणू आज ‘झँथोमोनास’ या प्रजातीत गणला जातो. ओल्या फोडांतून तो बाहेर येतो, वाऱ्याने उडणाऱ्या पावसाच्या थेंबांबरोबर पसरतो आणि पर्णरंध्रांतून किंवा जखमांतून कोवळ्या पानात शिरतो. माणसांचे हात, कपडे आणि अवजारेही त्याला वाहून नेतात.

फ्लोरिडात रोगट झाडे जागच्या जागी रॉकेलच्या ज्वाळांनी जाळण्यात आली. तपासनीस पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणाने हात आणि कपडे निर्जंतुक करत. बागांतली अडीच लाखांवर झाडे आणि रोपवाटिकांतली तीस लाखांवर रोपे नष्ट झाली. १९३३ साली राज्य रोगमुक्त जाहीर झाले. रोग नवा होता, मुख्यतः रोपांमार्फत पसरला होता आणि रोपांची वाहतूक अडवता येत होती. या गोष्टी यशाला कारण झाल्या.

१९८६ साली पुन्हा उद्भवलेला रोग १९९४ साली संपल्याचे जाहीर झाले आणि १९९५ साली तो मायामी शहरात, विमानतळाजवळच्या वस्तीत, घरांच्या परसांत सापडला. आता परिस्थिती वेगळी होती. लिंबूवर्गीय झाडांची पाने पोखरणारी अळी १९९३ साली फ्लोरिडात आली होती. ती पानाच्या पापुद्र्याखाली नागमोडी वाट कोरते आणि त्या जखमांतून जिवाणूंना आयता शिरकाव मिळतो. प्रथम रोगट झाडाभोवतीची १२५ फुटांपर्यंतची झाडे तोडली जात. तेवढ्याने भागेना. तीस दिवसांत होणाऱ्या नव्या लागणीपैकी ९५ टक्के लागण १९०० फुटांच्या आत होते, असे पाहणीत आढळले. म्हणून २००० सालापासून १९०० फूट हे अंतर ठरले. विद्यार्थ्यांना येथे एक हिशेब घालावा : त्रिज्या १५.२ पट झाली, तर क्षेत्र किती पट होईल? उत्तर २३१ पट. एक एकराहून थोडी अधिक असलेली जागा २६० एकर झाली!

या वर्तुळातली निरोगी दिसणारी झाडेही तोडावी लागत. आजोबांनी लावलेले, दर वर्षी फळांनी लगडणारे झाड डोळ्यांदेखत करवतीखाली जाताना लोक संतापले आणि न्यायालयात गेले. पहिल्या झाडाला शंभर डॉलरची कुपने हा मोबदला त्यांना पटणारा नव्हता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली कायदा वैध ठरवला. पण २००४ आणि २००५ सालच्या चक्रीवादळांनी जिवाणू इतके दूरवर उडवले की वर्तुळे आखणेच निरर्थक झाले. जानेवारी २००६ मध्ये केंद्रीय कृषी खात्याने निर्मूलनाचा प्रयत्न सोडून दिला. तोवर दीड कोटीहून अधिक झाडे गेली होती.

आता आपल्या परसाकडे वळू. रोग नवा आणि मोजक्या जागी असेल तेव्हाच निर्मूलनाला अर्थ असतो. आपल्याकडे तो शतकानुशतके आहे. आपले झाड तोडले तरी शेजाऱ्याचे उरतेच. तेव्हा झाड तोडू नये, रोग आटोक्यात ठेवावा. आधी ओळख नीट पटवावी. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला असेल आणि फोड नसतील, तर ती बहुधा जस्ताची कमतरता असते. चंदेरी नागमोडी रेघ हे अळीचे काम. खैऱ्याच असल्यास पावसाळ्यापूर्वी, कोरड्या हवेत रोगट फांद्या छाटाव्यात आणि गळलेल्या पानांसह जाळाव्यात. झाड ओले असताना छाटणी करू नये. नवी पालवी येताना कॉपर ऑक्सिक्लोराइड, १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम, फवारावे आणि पावसाळ्यात साधारण महिन्याने पुन्हा फवारावे. ताम्र जिवाणूला आत शिरू देत नाही, पण उठलेला फोड बरा करत नाही. म्हणून फवारणी आधी हवी. नवे रोप घेताना मात्र त्याची पाने दोन्ही बाजूंनी पाहूनच घरी आणावे. फ्लोरिडाच्या पहिल्या संकटाची सुरुवात रोपांपासूनच झाली होती.