नारायणरावांच्या खुनाचा माग: पुण्यापासून रायगडापर्यंत

गुप्त पोलिसांच्या कादंबऱ्या आमच्या सुशिक्षित कुटुंबांत आवडीने वाचल्या जातात, आणि त्यांचा साचाही ठरून गेलेला आहे. मोठे शहर, बंद खोलीत पडलेले प्रेत, चतुर तपासनीस, आणि शेवटच्या प्रकरणात गुन्हेगाराच्या हातांत बेड्या. मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला खून मात्र या साच्यात बसत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यास शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे मारले गेले, तेव्हा मारेकरी कोण याविषयी कोणासच संशय नव्हता. शोध करावयाचा होता तो हुकूम कोणाचा आणि तो कोणाकोणास ठाऊक होता, एवढ्याच गोष्टीचा. त्या शोधाची शेवटची पाने पुण्यात मिळत नाहीत. ती पाहण्यासाठी घाट उतरून महाड-पोलादपुराच्या खोऱ्याकडे यावे लागते.

प्रसंग वाचकांस परिचित आहे. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात शिरले. अठरा वर्षांचे पेशवे जीव घेऊन चुलत्यांकडे धावले आणि त्यांच्या गळ्यास मिठी मारून बसले. हे चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. तुळाजी पवाराने नारायणरावांस ओढून काढले व सुमेरसिंगाने वार केले. धन्याला वाचवू पाहणारा चाफाजी टिळेकरही तेथेच पडला.

पुढचा तपास रामशास्त्री प्रभुणे यांनी केला. त्यांची अडचण कोणत्याही कादंबरीतील तपासनीसास आली नसेल. ज्याच्यावर संशय, तोच आता राज्याचा धनी होता. तरीही कित्येक आठवडे शास्त्रीबोवांनी काम चालविले, सुमारे ४९ माणसांचा या कटाशी संबंध असल्याचा निष्कर्ष काढला, आणि रघुनाथरावांस तोंडावर दोषी ठरवून या पापास देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असे सांगून पुणे सोडले.

लोकांच्या स्मरणात मात्र यातले एकच अक्षर राहिले. रघुनाथरावांनी ‘धरावे’ असे लिहिले होते, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले, ही कथा ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात दिली आणि ती घरोघर झाली. तो कागद आज डोळ्यांनी पाहावयास मिळत नाही. परंतु आमचे म्हणणे निराळेच आहे. अक्षरबदलाचा हा पुरावा इतका मनोहर आहे, एखाद्या रहस्यकथेस शोभेल इतका, की त्याने ४९ माणसे झाकून टाकली. एका बाईच्या लेखणीवर सगळा दोष गेला. आणि ज्या मुत्सद्द्यांच्या डोळ्यांदेखत कट शिजला, त्यांची चौकशी करण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली.

त्यांपैकी मुख्य सखारामबापू बोकील. बापूंस कट अगोदर ठाऊक असावा, हा संशय जुनाच आहे. पण तेच पुढे बारभाईंत नाना फडणीसांच्या बरोबरीने पुढारी झाले. महंमद इसफ, तुळाजी पवार यांस पकडून देहान्त शासन करणाऱ्या कारभारात बापूंचेही अंग होते. नानांस हे उमगले नसेल, असे आम्हांस वाटत नाही. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांची गादी राखावयाची होती, आणि त्या कामी बापूंवाचून चालण्यासारखे नव्हते.

चालेनासे झाले तेव्हा, म्हणजे १७७९ साली, बापू कैद झाले. आरोप खुनाचा नव्हता, राघोबा व इंग्रज यांच्याशी संधान बांधल्याचा होता. प्रथम सिंहगड, मग प्रतापगड. पोलादपुराहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास जाणाऱ्यांस हा गड वाटेवरच दिसतो. याच गडाच्या पायथ्याशी १६५९ साली अफझलखानाच्या प्रकरणात बापूंचेच पूर्वज पंताजी गोपीनाथ यांनी वकिली केली होती. ग्रँट डफने हा योगायोग टिपला आहे; पण त्याच्या मते पंताजी हा फितलेला खानाचा वकील, तर मराठी साधनांत तो प्रथमपासून महाराजांचाच. प्रतापगडावरून बापूंस महाडच्या उत्तरेस रायगडी नेले. तेथेच १७८१ साली त्यांचा अंत झाला. नारायणरावांच्या खुनाविषयी त्यांस कधी कोणी विचारले, असे दिसत नाही.

एवढ्यावर या खोऱ्याचा संबंध सुटला नाही. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर, १७९६ साली, नाना फडणीसच महाडास आश्रयाला आले, रायगडाचा बंदोबस्त केला, आणि निजामाशी महाडचा तह करून पुण्यास परतले. परतले ते रघुनाथराव व आनंदीबाई यांचे पुत्र बाजीराव यांस पेशवे मानूनच. १८०२ च्या ऑक्टोबरात होळकराने पुण्याजवळ पराभव केल्यावर हे बाजीरावही पळून महाडास आले, येथून समुद्रमार्गे वसईस गेले, आणि त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी इंग्रजांशी तह करून बसले. १८१८ च्या मे महिन्यात रायगड इंग्रजांच्या तोफांपुढे पडला, त्या वेळी बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई गडावरच होत्या.